बाबासाहेब, ल्हासा आणि आमचे चार शेरे

फॅक्ट चेकच्या कामात शेवटी एक शेरा मारावाच लागतो. खरं, खोटं, दिशाभूल करणारं, संदर्भ सोडून. आमच्याकडे हे चारच आहेत. मजकूर, फोटो, व्हिडिओ, काहीही तपासून झालं की यातला एक शिक्का कार्डावर तिरका बसवायचा आणि पुढचं पाखरू पकडायचं. वाचक शिक्का बघतो. खालची कॉपी शेवटपर्यंत वाचणारे किती, याचे आकडे रोज सकाळी स्क्रीनवर येतात आणि त्यावर कोणी बोलायचं नाही असा ऑफिसात अलिखित नियम आहे.

ज्या पोस्टरनं मला अजून सोडलेलं नाही, ते टिपलाइनवर, म्हणजे वाचक तपासायला मजकूर पाठवतात त्या नंबरवर, एकाच आठवड्यात बऱ्याच जणांनी पाठवलं. डॉ. आंबेडकरांचा फोटो, घटनेचा मसुदा राजेंद्रप्रसादांकडे सुपूर्द करतानाचा तो नेहमीचाच, राजेंद्रबाबूंना कातरून टाकलेला. शेजारी चार वाक्यं. पहिल्यात नेहरूंनी चीनला तिबेटच्या राजधानीचा, ल्हासाचा, ताबा घेऊ दिला आणि चीनची हद्द आपल्या हद्दीला आणून भिडवली, असा आरोप. दुसऱ्यात भारत वेढला गेल्याचा इशारा. तिसऱ्यात आजच्या एका पक्षाला उद्देशून टोमणा. चौथ्यात चक्क १९६२ हे साल घालून युद्धाचं भाकीत. तळाशी बारीक अक्षरात 'लोकसभेतील भाषण, १९५४'.

पाठवणाऱ्यांत दोन गट होते. 'हे खोटं आहे ना?' म्हणणारे आणि 'हे खरं आहे ना?' म्हणणारे. नुसतं 'हे काय आहे?' असं विचारणारा माणूस या नोकरीत मला क्वचितच भेटतो.

शेवटची दोन वाक्यं पडायला वेळ लागला नाही. बाबासाहेबांचं निधन ६ डिसेंबर १९५६ ला झालं, आणि १९५४ सालच्या सभागृहात उभं राहून कोणी साल सांगून युद्ध जाहीर करत नाही. टोमण्यातल्या पक्षाचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. 'लोकसभेतील' हा शब्दही गेला. बाबासाहेब लोकसभेत कधीच नव्हते. १९५२ ला उत्तर मुंबईतून पडले, मे १९५४ मधल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. राज्यसभेवर ते मुंबई राज्यातून गेलेले होते. आमच्या डेस्कवरचा एक नवा मुलगा मात्र पोस्टरवर विश्वास ठेवून अर्धा दिवस लोकसभेच्या कामकाजाच्या फायली उपसत बसला होता. हुशार मुलगा आहे, रिव्हर्स इमेज सर्च माझ्यापेक्षा जलद करतो. पण महाराष्ट्रात वाढलेल्या, पत्रकारितेची पदवी घेतलेल्या पोराला आंबेडकर निवडणूक हरले होते हेच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "असं कसं होईल?" मी गप्प बसलो. पुतळे उभारले की माणूस कधी हरलाच नसेल असं वाटायला लागतं.

राहिली पहिली दोन वाक्यं. ती शोधणं हेच खरं काम होतं.

बाहेरच्यांना वाटतं की शोधखिडकीत शब्द टाकला की भाषण समोर येतं. राज्यसभेचं जुनं कामकाज स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहे. एका पानावर दोन स्तंभ, आणि क्रमांक पानाला नाही, स्तंभाला. बांधणीच्या घडीजवळची अक्षरं आत ओढली गेलेली. ओसीआरमधून, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलेल्या मजकुरात दोन स्तंभांच्या ओळी एकमेकांत घुसतात, मग एका सदस्याचं अर्धं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं. म्हणून मी अशा वेळी शोधखिडकीच्या नादी लागत नाही. तारीख ठरवायची, त्या दिवसाची विषयसूची काढायची आणि डोळ्यांनी वाचत जायचं. त्यातही एक खाच आहे. वरिष्ठ सभागृहाचं नाव 'राज्यसभा' झालं ते २३ ऑगस्ट १९५४ ला. त्याआधीच्या फायली 'कौन्सिल ऑफ स्टेट्स' या नावानं लावलेल्या असतात. मला हवं असलेलं भाषण नामांतरानंतर अवघ्या तीन दिवसांनी झालेलं निघालं. २६ ऑगस्ट १९५४, आंतरराष्ट्रीय परिस्थितीवरची चर्चा.

तारखेपर्यंत मी पोचलो ते टिपलाइनवरच्या एका काकांमुळे. नागपूरचे, निवृत्त. पोस्टर पाठवून त्यांनी खाली एवढंच लिहिलं होतं, 'खंड १५ बघा, मग बोला.' राज्य सरकारनं काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या मालिकेतला हा पंधरावा खंड. कायदामंत्री आणि नंतर विरोधी सदस्य म्हणून त्यांनी संसदेत केलेली भाषणं त्यात आहेत. आमच्याकडे नियम असा की मूळ कामकाज आणि छापील प्रत, दोन्ही जुळल्याशिवाय अवतरण वापरायचं नाही. छापील खंड ऑफिसात नव्हता. दिवाळी अंकांना कपाट आहे, याला नाही. काकांना फोन लावला.

"जय भीम," ते म्हणाले, "दीक्षाभूमीवर घेतला होता, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. पान मी वाचून राहिलो, तुम्ही लिहून घ्या. अन् मधात बोलू नका."

मी मध्ये बोललो नाही. त्यांचं इंग्रजी वाचन संथ होतं, एकेक शब्द ठेवत जाणारं. मी स्क्रीनवरच्या स्कॅनशी ताडून बघत होतो. पहिलं वाक्य सापडलं. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण आशय तोच. ल्हासाचा ताबा चिनी लोकांना घेऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची हद्द भारताच्या हद्दीपर्यंत आणायला एक प्रकारे मदतच केली, असं बाबासाहेब म्हणाले होते. वेढ्याची गोष्टही तिथंच होती. एका बाजूला पाकिस्तान आणि मुस्लिम देश, दुसऱ्या बाजूला चीन, तेव्हा भारतावर आक्रमणाचं सावट नाही असं मानणं हा उथळपणा ठरेल.

इथं थांबलो असतो तर काम संपलं होतं. चारांतली दोन वाक्यं खरी, दोन घुसडलेली, शिक्का 'दिशाभूल करणारं'. पण काका पुढे वाचत गेले आणि मी थांबवलं नाही.

त्या भाषणात ल्हासा हा एक तुकडा आहे. भाषणाचा गाभा वेगळा आहे. आपलं परराष्ट्र धोरण तीन गोष्टींवर उभं आहे, असं ते मांडतात: शांतता, साम्यवाद आणि लोकशाही यांचं सहअस्तित्व, आणि सीटोला, म्हणजे आग्नेय आशियासाठी अमेरिकेच्या पुढाकारानं होऊ घातलेल्या लष्करी कराराला, विरोध. मग एकेक हातात घेऊन तपासतात. शांतता हवी कोणाला नाही? पण ती कोणत्या किमतीला? देशांचे तुकडे पाडून शांतता विकत घेतली जाते आहे, असं त्यांचं म्हणणं. हे बोलताना जिनिव्हाचा करार होऊन जेमतेम महिना झाला होता. व्हिएतनाम सतराव्या अक्षांशावर दुभंगलेला होता. कोरियातला युद्धविराम वर्षापूर्वीचा. सभागृहातल्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर हे नकाशे होते. आज ते कुणाच्याच डोळ्यासमोर नसतात, त्यामुळे ल्हासाचं वाक्य एकटं उचललं की ते हवेत तरंगतं.

सहअस्तित्वाबद्दल ते आणखी कडक आहेत. साम्यवादाला त्यांनी वणव्याची उपमा दिली आहे. दूरच्या देशांना वाटेल की वणवा आपल्यापर्यंत यायच्या आत विझेल, पण शेजारच्यांनी काय करायचं? पंचशीलावर, म्हणजे बौद्ध धम्मातलं नाव घेऊन भारत-चीननं मांडलेल्या शांततेच्या पाच तत्त्वांवर, तर त्यांनी बौद्ध अभ्यासकाच्या अधिकारानं टोला हाणला आहे. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, आणि राजकारणात पंचशीलाला जागा नसते. त्याच वर्षी २९ एप्रिलला, ही तत्त्वं ज्यात होती तो भारत-चीनमधला तिबेटबाबतचा करार झाला होता, जूनमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय दिल्लीत येऊन गेले होते. कौतुकाच्या त्या लाटेत उभं राहून हे बोलायला धाडस लागतं. स्वतः अजून दीक्षा घ्यायचे होते, तरी पंचशील म्हणजे काय हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं ठाऊक असणारे फार नसावेत.

आणि सीटो. नेहरूंना सीटोबद्दल नावड आहे ती दोन कारणांनी, असं ते म्हणतात. एक, अमेरिकेशी आलेला दुरावा. दोन, रशियाला काय वाटेल ही धास्ती. म्हणजे तुम्ही तटस्थ नाही आहात, तुम्ही घाबरलेले आहात, असं सरळ सुनावणं आहे ते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ८ सप्टेंबरला, मनिलात सीटोच्या करारावर सह्या झाल्या आणि पाकिस्तान त्यात गेला.

माझ्या मते बाबासाहेब तिबेटबाबत बरोबर ठरले आणि सीटोकडून त्यांनी धरलेली अपेक्षा फोल ठरली. १९६५ ला सीटो पाकिस्तानच्या मदतीला आली नाही, १९७१ लाही नाही, आणि १९७७ ला गुंडाळली गेली. पण हे मला मागाहून दिसतंय. त्या वेळी हाती होतं तेवढ्या माहितीवर त्यांनी जो हिशेब मांडला, तो हिशेब म्हणून पक्का आहे. पोस्टरवाल्यांना हिशेब नको असतो, त्यांना भविष्यवाणी हवी असते.

हिशेब म्हणतो ते शब्दशः. मंत्रिपद सोडल्यावर १० ऑक्टोबर १९५१ चं त्यांचं निवेदन मी त्याच संध्याकाळी वाचलं. निवेदनाची प्रत आधी द्या, असं उपसभापतींनी सांगितल्यावर ते सभागृहातून बाहेर पडले आणि ते वृत्तपत्रांना दिलं. त्यात परराष्ट्र धोरणावरची तक्रार रुपयांत आहे. वर्षाला ३५० कोटींचा महसूल, त्यातले १८० कोटी सैन्यावर. का? कारण अडचणीत मदतीला येईल असा एकही मित्र उरलेला नाही, सगळा भार स्वतःच उचलायचा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपलं वाईट चिंतणारा देश नव्हता, चार वर्षांत सगळे दुरावले. उपाशी माणसांचं धान्य आणि उद्योगांचं भांडवल या धोरणापायी जातंय, असा तो युक्तिवाद आहे. चीन असो की अमेरिका, त्यांच्या लेखी प्रश्न घरातल्या ताटाचाच होता.

त्याच निवेदनात काश्मीरही आहे. फाळणी करा, हिंदू आणि बौद्ध भाग भारताला, मुस्लिम भाग पाकिस्तानला, असं त्यांनी स्वच्छ म्हटलंय. आणि आणखी एक गोष्ट, जी पोस्टरच्या बाजूचे सांगत नाहीत आणि विरोधातलेही सांगत नाहीत. ३० डिसेंबर १९४९ ला भारतानं साम्यवादी चीनला मान्यता दिली तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळात होते. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटात घुसलं तेव्हाही होते. यावर त्यांचं उत्तरही निवेदनात सापडतं: परराष्ट्र व्यवहार समितीवर, संरक्षण समितीवर आपल्याला घेतलंच नाही, आणि मंत्रिमंडळ म्हणजे समित्यांनी आधीच घेतलेल्या निर्णयांची नोंद करणारं दप्तर झालंय. मला हे सगळ्यात जास्त लागलं. देशातल्या सर्वाधिक शिकलेल्या माणसांपैकी एक, अर्थशास्त्र आणि कायदा दोन्ही कोळून प्यालेला, आणि त्याला चीनबद्दल विचारणारं कोणी नाही.

हे सगळं मी कॉपीत घातलं. आमच्या संपादक मॅडमनी काढलं. "आपण पोस्टर तपासतोय, पीएचडी करत नाही आहोत," त्या म्हणाल्या. त्यांचंही चूक नाही. आमचा साचा ठरलेला आहे: दावा, तपास, निष्कर्ष, आणि मध्ये कुठंतरी एका तज्ज्ञाचं अवतरण. तज्ज्ञाचं अवतरण सक्तीचं आहे, मूळ भाषणाचं नाही. एका प्राध्यापकांनी फोनवर 'आंबेडकर दूरदृष्टीचे होते' एवढं सांगितलं, आणि ते छापून आलं.

काकांचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. मी त्यांना पहिला खर्डा पाठवला होता.

"काश्मीरचं कशाला टाकत होते?"

"काका, ते म्हणालेच आहेत. निवेदनातच आहे."

"आहे ना. पण लोक तेवढंच उचलतील. आमच्या पोरांना गल्लीत उत्तर द्यावं लागतं, तुम्हाला नाही."

मी म्हणालो, की पोस्टरवाल्यांनीही त्यांना हवं तेवढंच उचललंय. ते थोडे चिडले. म्हणाले, ते अन् मी एकच का? मग जरा वेळानं स्वतःच म्हणाले, छापायचं तर पूर्ण छापा, नाही तर काहीच नको. मला ते पटलं, आणि आमच्या कार्डावर ते शक्य नाही हेही ठाऊक होतं.

बातमी 'दिशाभूल करणारं' शिक्क्यासह लागली. त्यानंतर पोस्टरची नवी आवृत्ती फिरू लागली. टोमणा गेला, १९६२ गेलं, 'लोकसभा' जाऊन 'राज्यसभा' आली, आणि तळाशी तारखेसह खंड १५ चा हवाला, आमच्या बातमीतून जसाच्या तसा उचललेला. फक्त ल्हासाचं वाक्य. आमच्या नियमांनुसार हे 'खरं'. मॅडम म्हणाल्या सोडून द्या, खऱ्याची बातमी होत नाही.

मी 'संदर्भ सोडून' सुचवलं. "कोणता संदर्भ सोडलाय, एका ओळीत दे," त्या म्हणाल्या, "कार्डावर मावेल एवढा." मी जिनिव्हापासून सुरुवात केली. ओळ सीटोपर्यंतही पोचत नाही. १८० कोटी घातले तर तिबेट बाहेर जातं, तिबेट ठेवलं तर ते तेव्हा मंत्री होते हे बाहेर जातं. खर्डा अजून माझ्याच फोल्डरमध्ये आहे, आणि टिपलाइनवर नवं पोस्टर रोज येतंय.