‘होता’ एकच, स्पॅनिश भूतकाळ दोन

नोकरीनिमित्त माद्रिदला राहू लागल्यावर मी तिथल्या सरकारी भाषाशाळेत, म्हणजे ‘एस्कुएला ओफिसिआल दे इदिओमास’मध्ये, संध्याकाळच्या वर्गाला नाव नोंदवले. वर्तमानकाळ पाठांतराने जमत गेला. खरा कस लागला तो भूतकाळाशी गाठ पडल्यावर. घडलेली हकीकत स्पॅनिशमध्ये सांगताना जवळजवळ प्रत्येक क्रियापदापाशी थांबून दोन भूतकाळांपैकी कोणता, इंदेफिनिदो (‘गेलो’सारखा) की इंपेर्फेक्तो (‘जात होतो’सारखा), हे ठरवावे लागते, आणि निवड चुकली तर वाक्य वरवर शुद्ध दिसूनही भलताच अर्थ सांगू लागते.

रूपांचा प्रश्न त्या मानाने साधा होता. तुबे, इसे, पुसे, आन्दुबे अशी इंदेफिनिदोची अनियमित रूपे घोकावी लागतात, आणि ‘सेर’ (असणे) व ‘इर’ (जाणे) या दोन वेगळ्या क्रियापदांचे रूप ‘फुई’ हे एकच असते. इंपेर्फेक्तोत मात्र सेर, इर आणि बेर (पाहणे) ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत. निवड मात्र घोकून येत नाही.

क्षणात संपलेल्या क्रियेला इंदेफिनिदो आणि लांबलेल्या क्रियेला इंपेर्फेक्तो, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम मला प्रथमपासूनच अपुरा वाटत होता. स्पेनमधील मुस्लिम सत्ता ७११ मध्ये सुरू झाली आणि १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यावर संपली. तरीही ती जवळजवळ आठ शतके टिकली हे सांगताना स्पॅनिश माणूस ‘दुरो’ असे, म्हणजे इंदेफिनिदोच, वापरतो. आठ शतकांना जर तो काळ चालतो, तर क्रिया किती लांबली हा निकषच असू शकत नाही.

तेव्हा मी मराठीकडे वळलो. आपल्याकडे ‘गेलो’, ‘जात होतो’ आणि ‘जात असे’ हे तिन्ही प्रकार आपण न अडखळता वेगळे ठेवतो. यांपैकी ‘गेलो’ला इंदेफिनिदो आणि उरलेल्या दोहोंना इंपेर्फेक्तो, एवढ्या हिशेबावर माझे बरेच काम भागले. ‘सुटीत आम्ही आजोळी जात असू’ याला ‘इबामोस’, ‘मागच्या सुटीत तीनदा गेलो’ याला ‘फुइमोस’. ज्ञानवाचक क्रियापदांचेही तसेच: ‘साबिआ’ म्हणजे मला माहीत होते, ‘सुपे’ म्हणजे मला कळले, ‘कोनोसिआ’ म्हणजे मी ओळखत होतो, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. इंग्रजीतून शिकणारे वर्गमित्र या जोड्यांपाशी अडत, पण मराठी माणसाला हा भाग अवघड जाऊ नये.

मराठीचा हा आधार दोन ठिकाणी सुटतो, आणि तिथेच मला सर्वांत अधिक वेळ द्यावा लागला. एक म्हणजे ‘होता’. ‘परीक्षा कठीण होती’ या वाक्याला स्पॅनिशमध्ये ‘सेर’चे इंपेर्फेक्तो ‘एरा’ही चालते आणि इंदेफिनिदो ‘फुए’ही: परीक्षा आटोपल्यावर तिच्याविषयी एकंदर मत द्यायचे असेल तर ‘फुए’, आणि ती कशी होती याचे वर्णन करून त्या ओघात पुढची हकीकत सांगायची असेल तर ‘एरा’. दुसरे म्हणजे मोजलेला काळ. आपण सहज म्हणतो, ‘मी तीन वर्षे नागपुरात राहत होतो’ किंवा ‘रात्रभर पाऊस पडत होता’. ‘होतो’ दिसला की इंपेर्फेक्तो, असे येथे धरून चालत नाही. तीन वर्षे, रात्रभर अशी हद्द घातली की स्पॅनिश ‘बिबी’ आणि ‘योबिओ’ मागते. पावसाची संततधार दाखवायचीच असेल तर ‘एस्तुबो योबिएन्दो’ म्हणता येते, पण त्यातलेही ‘एस्तुबो’ इंदेफिनिदोच राहते.

हे सगळे एका सूत्रात बसले ते ‘रेआल अकादेमिआ एस्पान्योला’ या स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या कोशात क्रियापदांचे तक्ते पाहताना. तिथे इंपेर्फेक्तोच्या शेजारी ‘कोप्रेतेरितो’ असे दुसरे नाव दिलेले असते. काराकासला जन्मलेल्या आन्द्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये अमेरिका खंडातील स्पॅनिश भाषकांसाठी लिहिलेल्या व्याकरणात ते नाव वापरले: भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीने चालू असलेला तो सहभूतकाळ. मला हे नाव ‘अपूर्ण’ या अर्थाच्या प्रचलित नावापेक्षा कितीतरी नेमके वाटते, कारण लिहिताना विचारायचा प्रश्न त्यातच आहे: हे क्रियापद हकीकत पुढे नेते आहे, की त्या वेळी सोबतीला काय चालू होते ते सांगते आहे?

तोलेदोच्या सहलीवर लिहिलेला माझा परिच्छेद मी याच प्रश्नाने क्रियापदागणिक तपासला. रविवार होता, थंडी होती, स्थानकावर गर्दी होती, हे सारे इंपेर्फेक्तोत. तिकीट काढले, गाडीत चढलो, हे इंदेफिनिदोत. वर्गाच्या बाईंनी त्यातले एकच वाक्य फळ्यावर दोन तऱ्हांनी लिहिले. ‘कुआन्दो येगे, ला ताकिया सेर्राबा’, म्हणजे मी पोहोचलो तेव्हा तिकीटखिडकी बंद होत होती आणि घाई केली असती तर तिकीट मिळण्याची आशा होती. ‘सेर्राबा’च्या जागी ‘सेर्रो’ घातले की मी पोहोचलो आणि खिडकी बंद झाली, आशा संपली. त्या दिवसापासून निवड करताना मी नियम आठवण्याऐवजी मला नेमके काय सांगायचे आहे ते आधी ठरवू लागलो, आणि वार्षिक परीक्षेतील निबंध त्याच बळावर पार पडला.

दुकानात ‘केरिआ’ म्हणणे तर मला मुळीच शिकावे लागले नाही. पुस्तकांच्या दुकानात आपण ‘एक पुस्तक हवे होते’ असे अदबीने म्हणतो, अगदी तसाच हा इंपेर्फेक्तो आहे. भूतकाळाशी त्याचा काही संबंध नाही.

वृत्तपत्रांत मात्र अजून जपून वाचावे लागते. नव्वदाव्या मिनिटाला झालेला गोल, म्हणजे एकदाच घडून संपलेली गोष्ट, क्रीडावार्ताहर पुष्कळदा ‘मार्काबा’ असा इंपेर्फेक्तोत लिहितात, जेणेकरून वाचकाला तो क्षण डोळ्यांसमोर चालू असल्यासारखा वाटावा. ही लकब मी आता ओळखतो. स्वतःच्या लेखनात मात्र गोल अजून ‘मार्को’च लिहितो.