शाळांच्या इतिहासात पाऊस कशाला?

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच. बाई, तुम्ही मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांवर काम करता, मग पानोपानी पर्जन्यमानाचे तक्ते कशाला? एका संपादकांनी तर तक्ते काढून टाकूनच माझा लेख छापला. वाचकाला कंटाळा येतो म्हणाले. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सविस्तर सांगते.

सुरुवातीच्या काळात मी माणसांची नावं सांगून वेळ भागवत असे. बाळशास्त्री जांभेकरांनी कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं आणि शाळांची तपासणीही केली. केरूनाना छत्रे ऐन पोरवयात त्याच वेधशाळेत ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखाली नोंदी करत होते, पुढे पुण्यात अध्यापक झाले. म्हणजे पाऊस मोजणारे आणि शाळा चालवणारे एकच, असं मी ठासून सांगायची. श्रोत्यांना ते आवडायचंही. आज मी ते सांगत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्या काळी इंग्रजी आणि गणित दोन्ही येणारी माणसं मोजकी होती, सरकार त्यांना मिळेल त्या कामाला जुंपत होतं.

खरं कारण पैशाचं आहे. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं, त्याने इलाख्याचे शाळातपासणीसाठी तीन विभाग पाडले. १८५५ मध्ये बोर्ड जाऊन विद्याखातं आलं. तोवर शाळेचा मुलूख म्हणजे तपासनीस साहेबाच्या घोड्याच्या फेरीत येईल तेवढा. १८६३ नंतर शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसू लागली, १८६९ मध्ये तिचा कायदा झाला. त्यातला एक तृतीयांश शाळांना, उरलेला मुख्यतः रस्त्यांना. माझ्या मते मराठी शाळेच्या इतिहासात यापेक्षा मोठी घटना नाही, आणि तिच्यावर आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलंय. पैसा साऱ्यातून यायला लागला आणि शाळेचा जिल्हा म्हणजे साऱ्याचा जिल्हा झाला. कमिट्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या, वर कलेक्टर. विद्याखात्याच्या दिपोटीने, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरने, शाळा तपासायची, पण शाळा कुठे निघणार हे ठरायचं मामलेदाराच्या नकाशावर. पर्जन्यमापक कुठे होता? त्याच मामलेदार कचेरीच्या आवारात.

आता सातारा जिल्हा घ्या. १८४८ मध्ये राज्य खालसा करून इंग्रजांनी तो घेतला. या एका जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो, आणि माण तालुक्यातलं दहिवडीही आहे, जिथे वीस इंच पडला तरी लोक समाधान मानतात. शाळेचा फंड जिल्ह्याचा एक, पाऊस मात्र असा. माणच्या शेतकऱ्याने पिकलं नाही तरी सारा भरायचा आणि साऱ्यावर पट्टीही भरायची, कारण सूट सहजी मिळत नव्हती. गॅझेटिअरमध्ये पावसाचा तक्ता एका प्रकरणात आणि शाळांचा दुसऱ्या. मी ते दोन शेजारी ठेवते, एवढंच माझं काम आहे. त्यात विक्षिप्त काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आता ज्यामुळे मी याबाबत इतकी हट्टी झाले, ती गोष्ट.

माझं माहेर त्याच दुष्काळी पट्ट्यातलं. गावच्या शाळेचा शतकोत्तर सोहळा होता, स्मरणिका निघणार होती. समितीचे अध्यक्ष माझे चुलतभाऊ अण्णा. त्यांनी फोन केला, "ताई, शाळेचा इतिहास तूच लिही, घरचं काम आहे." मी लिहिला. त्यात एक पान १८७६ ते ७८ च्या दुष्काळावर होतं. शाळा सुरू झाली ती गावाने पट्टी भरून, शाळा बंद पडली तेव्हाही सारा वसूल होतच होता, असं मी लिहिलं. दुष्काळाच्या बंदोबस्तासाठी सरकारने धाडलेल्या टेंपलसाहेबाने दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्यावर आणलं, लोकांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हेही लिहिलं. स्मरणिका हातात आली तेव्हा त्या पानाच्या जागी एकच ओळ होती: "पाऊस न झाल्याने शाळा काही काळ बंद होती." समोरच्या पानावर देणगीदारांचे फोटो.

मी अण्णांना बाजूला घेऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आनंदाचा प्रसंग आहे. आणि तूच म्हणतेस ना, पावसाचे आकडे बघा म्हणून? तेच तर लिहिलंय." मला उत्तर सुचलं नाही. माझाच तक्ता माझ्यासमोर धरला होता. सरकारही त्या वेळी हेच सांगत होतं: वरूनच आलं नाही, त्याला कोण काय करणार. पावसाचा आकडा हा राज्यकर्त्याला सुटका करून घ्यायला फार सोयीचा आकडा आहे.

मी तशीच व्यासपीठावर गेले आणि गाळलेलं पान वाचून दाखवलं. सभेत चुळबुळ झाली. मग बौद्धवाडीतले एक निवृत्त शिक्षक उठले. माझ्यापेक्षा वयाने मोठे, गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, शाळा बंद पडली याचं तुम्हाला दुःख आहे, ते खरंच आहे. पण आमच्या माणसांना ती उघडी कधी होती? पाऊस पडला त्या वर्षीही आम्ही बाहेरच होतो." आणि बसले. टाळी नाही, काही नाही. सूत्रसंचालकाने पुढचा सत्कार पुकारला.

त्या रात्री मी अण्णांच्या घरी जेवले, पण आमचं बोलणं झालं नाही. गुरुजींचं म्हणणं मला माहीत नव्हतं असं नाही. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने हात वर केले, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढची जोतीराव फुल्यांची १८८२ ची साक्षही शिकवली होती: शिक्षणासाठी म्हणून सरकार खास पट्टी घेतं, पण ती त्या कामी खर्च होत नाही, आणि इलाख्यातल्या जवळजवळ नऊ दशांश गावांत, सुमारे दहा लाख मुलांसाठी, शिक्षणाची कसलीही सोय नाही. पण हे सगळं माझ्या एका वहीत आणि पाऊस दुसऱ्या वहीत होता.

मग पाऊस सोडून द्यायचा का? काही सहकारी तसंच सुचवतात. जात लिहा, महसूल लिहा, पाऊस निसर्गावर सोडा. मला ते पटत नाही. पाऊस काढून टाकला की माण आणि महाबळेश्वर एकाच "सातारा जिल्हा" या नावाखाली सारखे दिसू लागतात आणि पट्टी कुणाच्या पोटातून गेली हे दिसेनासं होतं. नुसता पाऊस ठेवला तर अण्णांची ओळ तयार होते. दोन्ही ठेवले तरी गुरुजींच्या प्रश्नाला तक्त्यात जागा नाही, कारण ज्यांना दारातच येऊ दिलं नाही त्यांची नोंद शाळेच्या हजेरीत कशी सापडणार? यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. मी गुरुजींकडे जाते, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं ते सांगतात, मी लिहून घेते. ते पर्जन्यमानाच्या शेजारी कसं मांडायचं यावर आमचं दोघांचं एकमत होत नाही.

आणि हे सगळं जुनं झालं असं कृपया म्हणू नका. आजही दुष्काळ जाहीर झाला की सवलतींच्या यादीत जमीन महसुलातल्या सुटीबरोबर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी येते. दुष्काळ आहे की नाही हे बरीच वर्षं गावाच्या पैसेवारीवर, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं या महसूल खात्याने बांधलेल्या अंदाजावर, ठरायचं. ती पन्नास पैशांच्या आत आली की नाही, यावर दहावीच्या पोराची फी माफ होणार की नाही हे अवलंबून. पूर्वी हाच अंदाज आण्यांत बांधत, त्या जुन्या आणेवारीचंच हे पुढचं रूप. पुढच्या वेळी तक्ता कंटाळवाणा वाटला तर दुष्काळी तालुक्यातल्या एखाद्या मुख्याध्यापकांना विचारा, दुष्काळ जाहीर व्हायची ते कशी वाट पाहतात.

अण्णा म्हणतात, पुढच्या आवृत्तीत पान घेऊ, पण अर्धं. मी पूर्णच देणार आहे, गुरुजींच्या प्रश्नासकट.