गांडुळं दाखवा, मग सवलत

करात सवलत मिळते म्हणून कोणी ओल्या कचऱ्याचं खत करायला लागत नाही. पण सोसायटीतल्या सोळा घरांना एका बाजूला आणायचं तर पैशांचं नाव घ्यावंच लागतं. मीटिंगमध्ये मी आधी देवनारबद्दल सांगून पाहिलं. मुंबईचा कचरा तिथे १९२७ पासून पडतोय, २०१६ च्या जानेवारीत ते डम्पिंग ग्राउंड पेटलं तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या फोटोतही दिसत होता. सगळे मान डोलावून मोबाइलमध्ये. मग म्हटलं, मालमत्ता करात सवलत आहे. तळमजल्यावरच्या काकांनी लगेच चष्मा वर सरकवला, "किती?"

पुढचं सगळं सुरळीत झालं. ड्रम आले, मागच्या भिंतीलगत बसले, सुरुवातीला वास आला, सुका पाला वाढवला, वास गेला. कापडी पिशव्या आणि आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसणं हे तर घरोघरी चाललेलंच होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती सवलतीच्या अर्जावर. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

अर्जात 'प्रकल्पाचा प्रकार' असा एक रकाना होता आणि त्यापुढे तीनच पर्याय छापलेले: सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत. आमच्या ड्रममध्ये गांडुळं नाहीत. जाळीदार ड्रम, त्यात ओला कचरा, त्यावर पालापाचोळा आणि आंबट ताक, बाकीचं काम जिवाणूंचं. मी 'गांडूळखत'च्या शेजारी सुवाच्य अक्षरात 'ओल्या कचऱ्याचे खत, ड्रम पद्धत' असं लिहून अर्ज दिला.

खिडकीतल्या क्लार्कने तो उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, असा प्रकार यात नाहीये."

"पण कचरा जागेवरच जिरतोय. सवलत त्याचीच आहे ना?"

"सवलत गांडूळखताची आहे. पाहणीला येतील ते गांडुळं बघतील."

मी समजावून सांगितलं. आमचा ड्रम आतून तापतो, ५५-६० अंशांपर्यंत जातो, म्हणून तर कचरा लवकर कुजतो. गांडुळं ३५ अंशांपुढे तग धरत नाहीत, या ड्रममध्ये सोडली तर शिजून निघतील. क्लार्क भला माणूस होता, त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते बरोबर आहे हो. पण कॉम्प्युटरमध्ये पण तीनच आहेत."

त्याने मला आरोग्य विभागाकडे पाठवलं, खत होत असल्याचा दाखला आणा म्हणून. आरोग्य विभाग म्हणाला, दाखला देऊ, पण कर विभागाचं पत्र लागेल. कर विभाग म्हणाला, अर्ज दाखल झाल्याशिवाय पत्र कसं देणार, आणि दाखल करायचा तर प्रकार कुठला टाकायचा? पत्र, दाखला, अर्ज, पुन्हा पत्र. मधल्या काळात साहेब कधी मीटिंगला, कधी वसुलीला, कधी रजेवर. एकदा भेटले तर म्हणाले, "फार चांगलं काम करताय, असंच चालू ठेवा." आणि फाइल पुन्हा त्याच खिडकीत.

मला राग या गोष्टीचा येतो की २०१६ च्या घनकचरा नियमांत पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं स्पष्ट म्हटलं होतं. त्यात गांडुळांची अट नव्हती, खत करा किंवा बायोगॅस करा. आमची सोसायटी त्या मापात बसत नाही, म्हणजे आम्ही हे कोणी न सांगता करतोय. आणि अडवतंय कोण, तर एक छापील रकाना. पुण्यात अशा गोष्टींसाठी ५ ते १० टक्के सवलत आहे, आमच्याकडे त्याहून कमी. त्या कमीसाठीही एवढं!

शेवटी उपाय सुचवला तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. "त्यांना गांडुळं हवीत ना? मग दाखवू या." ड्रममधून निघालेलं अर्धवट खत आम्ही तसंही बाहेर निवू द्यायचो. त्यातलं थोडं, पूर्ण गार झाल्यावर, भाजीच्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून भरलं. नर्सरीतून पाव किलो गांडुळं आणून त्यावर सोडली. ही आयसेनिया फेटिडा नावाची लालसर जात, बागेत खणताना सापडणारी साधी गांडुळं नव्हेत. ती खोल मातीत जातात, ही वरच्या थरातला कुजका पाला खाऊन राहतात. सोडल्यावर उजेड नको म्हणून सगळी भराभर खाली सरकली, पाच मिनिटांत वर एकही दिसेना. काका घाबरले, "गेली की काय? पाहणीच्या दिवशी अशी गेली तर?"

पाहणीला निरीक्षक आले, ड्रमकडे पाहिलंसुद्धा नाही. क्रेटजवळ उभे राहून म्हणाले, "कुठेत?" वहिनींनी गोणपाट उचललं, हाताने वरचा थर बाजूला केला, आणि ओल्या काळ्या खतात वळवळणारा एक झुपका त्यांच्यासमोर धरला. साहेब दोन पावलं मागे सरकले. "असू द्या, असू द्या, दिसलं." फोटो काढला, सही केली. सोळा घरांचा कचरा ज्या ड्रममध्ये जिरतो, त्याचा फोटो नाही.

तुम्ही करणार असाल तर अर्जाची पोच घ्याच, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का बघून घ्या. माझ्याकडे ती होती म्हणून "अर्जच आला नाही" हे वाक्य एकदाच ऐकावं लागलं. आणि छापील पर्यायांच्या बाहेरचं काही लिहायला जाऊ नका. तत्त्व म्हणून मी लिहिलं, ते मला आजही बरोबर वाटतं, पण क्रेट आणि पाव किलो गांडुळं हा त्याहून स्वस्त मार्ग आहे.

खताबद्दल विचाराल तर नवशिके सगळे पाण्यात फसतात. आपल्या स्वयंपाकघरातला कचरा आधीच ओला, त्यावर पुन्हा पाणी मारायचं नाही. मूठभर खत दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. अमोनियासारखा तिखट वास आला तर सुका पाला घाला, सडक्या अंड्यासारखा आला तर हवा कमी पडतेय, खालीवर करा. जाड पांढुरक्या अळ्या झाल्या तर त्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, कचरा झपाट्याने संपवतात. आमच्याकडे त्यांच्यावरून एक मीटिंग झाली होती, ते जाऊ द्या. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय टाकू नका, वर्षभर तशीच राहते. लिंबाची सालं थोडीच टाका, क्रेटमध्ये तर अजिबात नकोत, गांडुळांना आंबट सोसत नाही.

हो, गांडुळं अजून आहेत. पाहणी झाल्यावर क्रेट काढून टाकायचा असं ठरलं होतं, पण त्या खताने कढीपत्त्याला असा फुटवा आला की आता काकाच त्यांना पपईची सालं घालतात. सवलत पुढच्या बिलात आली. सोळा घरांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जे आलं ते सांगत नाही, काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आणि मार्चमध्ये अर्ज घेऊन जाऊ नका. वसुलीच्या दिवसांत त्या खिडकीत माणूसच नसतो.