उजवी बाजू आधी
भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, रात्रीचे साडेअकरा

बाबांचे वर्ष अजून झालेले नाही, त्यामुळे यंदा आमच्याकडे सण नाहीत. गणपती धाकट्या काकांच्या घरी बसला, आणि दरवर्षी मखर, आरास आणि पाहुण्यांच्या सरबराईत जाणारे माझे दहा दिवस एकदम मोकळे पडले. तेवढ्यात जपानीच्या वर्गातील सेन्सेईंनी विचारले, की आपल्या भागातील गणेशोत्सवाच्या मैदानावर दोन दिवस जपानी संस्कृतीची माहिती देणारा स्टॉल लावायचा आहे, तर मदतीला याल का? आरतीला उभे राहणार नसलो तरी स्टॉलवर उभे राहायला हरकत नाही, असे मीच मला समजावले आणि हो म्हटले.

पुण्यात जपानी शिकणारे लोक पुष्कळ आहेत, त्यामुळे स्टॉलला माणसे कमी पडली नाहीत. आम्ही अकरा जण होतो. त्यांत दोन जपानी स्त्रिया होत्या, पतीच्या नोकरीनिमित्त येथे आलेल्या. ओरिगामीचे एक टेबल, नावे लिहून देण्याचे दुसरे आणि मागे पडदा लावून युकाता नेसवण्याची जागा, एवढाच पसारा होता. प्रत्येक स्वयंसेवकाला एकेक तेनुगुई मिळाली होती. तेनुगुई म्हणजे छापील नक्षीचा सुती पंचाच. मी ती सवयीने डाव्या खांद्यावर टाकली.

काल मी नावांच्या टेबलावर होतो. परकी नावे जपानीत काताकाना लिपीत लिहितात आणि त्या लिपीत ‘ळ’ नाही, ‘ल’ही नाही, दोन्हींचे काम ‘र’वर भागवावे लागते. काळे आडनावाच्या एका गृहस्थांना मी ‘कारे’ असे लिहून दिले आणि वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “का रे? घरी आमची ही मला हेच विचारत असते.” मात्र अक्षरांचा तक्ता पाहून एक निवृत्त शिक्षिका थबकल्या. अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम त्यांनी दोनदा पुटपुटला आणि “ही तर आपलीच वर्णमाला!” असे त्या म्हणाल्या. ते खरेच आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत आणि ‘काना’ची, म्हणजे जपानी अक्षरांची, ही मांडणी त्या अभ्यासातून आली आहे. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ दिसतो, कारण ते उच्चार पुढे बदलत गेले. बाईंनी तक्त्याचा फोटो घेतला नाही, पर्समधून वही काढून तो उतरवून घेतला.

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न अर्थातच जपानमध्ये गणपती आहे का, हा होता. आहे. त्याचे नाव कांगितेन. तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुचियामा येथे त्याचे प्रसिद्ध मंदिर आहे आणि तेथे त्याला पांढरा मुळा वाहतात. मुळ्याचे नाव ऐकताच प्रत्येक घोळक्यात हसू फुटायचे, म्हणून मी लगेच पुढे सांगायचो, की गोड सारण भरून तळलेली कांगिदान नावाची मिठाईही त्याच्याच नावाची आहे. तेवढ्याने लोकांचे समाधान व्हायचे. त्या दैवताची मूर्ती बहुधा दर्शनाला खुली नसते, पडद्याआड ठेवतात, हे मात्र बाहेर ढोल वाजत असताना कोणाला पटवून देणे अवघड होते.

आज दुपारी युकाता नेसवणारा एक जण आला नाही आणि ते काम माझ्याकडे आले. युकाता म्हणजे अस्तर नसलेला, उन्हाळ्यात वापरायचा सुती किमोनो. पुरुषांना नेसवणे त्यातल्या त्यात सोपे असते, कारण बायकांच्या युकात्यासारखा कमरेशी जादा कापडाचा दुमड घ्यावा लागत नाही आणि ओबी, म्हणजे कमरपट्टा, पोटाखाली ओटीपोटावर बांधला की झाले. नियम एकच, पण तो मोडता येत नाही: आधी उजवी बाजू अंगालगत घ्यायची, मग तिच्यावर डावी. जपानी शब्द ‘मिगिमाए’, म्हणजे उजवी आधी. इ. स. 719 मध्ये याबद्दल राजाज्ञा निघाली होती आणि आजही त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. आपल्याकडे स्त्रियांच्या शर्टाची उजवी पट्टी वर येते, त्यामुळे मुली स्वतः युकाता गुंडाळू लागल्या की हात हमखास उलटा जातो. हे मला सकाळीच सांगितले होते आणि मी ते मुलींपुरतेच लक्षात ठेवले होते.

चूक माझ्याकडून झाली ती एका महाविद्यालयीन मुलाच्या बाबतीत. तो माझ्यासमोर उभा, मी त्याच्यासमोर. त्याची उजवी ती माझी डावी, एवढे साधे गणित गर्दीच्या घाईत विसरलो आणि उजवी बाजू वर घेऊन ओबी आवळून बांधला. मुलगा देखणा दिसत होता. बाहेर जाऊन त्याने मित्रांबरोबर पाच-सात फोटोही काढले. तेवढ्यात दोघींपैकी वयाने मोठ्या जपानी बाई झपाझप चालत त्याच्याजवळ गेल्या, “सुमिमासेन” म्हणत त्यांनी त्याला पडद्याआड आणले, ओबी सोडला, दोन्ही बाजू बदलल्या आणि पुन्हा बांधला. मुलाला वाटले, गाठ सैल होती. त्याला त्यांनी काही सांगितले नाही.

मला सांगितले, तेही तो गेल्यावर, हलक्या आवाजात. उलट नेसण्याला ‘हिदारिमाए’ म्हणतात आणि तसे फक्त मृताला नेसवतात. एखाद्याचा धंदा बुडत चालला तरी जपानीत हाच शब्द वापरतात. मृत्यूनंतरच्या सगळ्याच गोष्टी अशा उलट्या करण्याची तेथे रीत आहे. पार्थिवाला पुसायचे पाणीसुद्धा कोमट करताना गार पाण्यात गरम ओततात, एरवी करतात त्याच्या उलट. मग त्या म्हणाल्या, की असे नेसवलेले त्यांनी शेवटचे पाहिले ते त्यांच्या आजोबांना. एवढे बोलून त्यांनी माझीच क्षमा मागितली, आपण कामात मध्येच हात घातला म्हणून.

मला त्यांना सांगायचे होते, की हे मला ठाऊक आहे. बाबांच्या दहाव्याला घाटावर गुरुजी म्हणाले होते, “अपसव्य करा,” आणि मी जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतले होते. मग थोड्या वेळाने “सव्य”, पुन्हा “अपसव्य”, असे किती वेळा झाले कोण जाणे. त्या दिवशी मला त्या सूचनांचा रागच आला होता. इकडे माणूस गेला आहे आणि गुरुजींना खांद्याची पडली आहे, असे वाटत राहिले होते. पण हे सगळे जपानीत सांगण्याइतकी माझी जपानी नाही. डिसेंबरच्या जपानीच्या परीक्षेला मी एन-चार या प्राथमिक पातळीला बसणार आहे आणि त्या शब्दसंग्रहात श्राद्ध येत नाही. शेवटी मी खांद्यावरची तेनुगुई उचलली, डाव्यावरून उजव्यावर टाकली, आकाशाकडे बोट दाखवले आणि “चिचि”, म्हणजे माझे वडील, एवढेच म्हणालो. त्यांनी क्षणभर माझ्या खांद्याकडे पाहिले. मग “आ, हान्ताइ,” म्हणाल्या. हान्ताइ म्हणजे उलट. आणि कमरेत वाकल्या. मी तेनुगुई परत डाव्या खांद्यावर घेतली, तर त्यांनी मान हलवली, जणू हेही बरोबर आहे.

संध्याकाळी त्यांनी मला एक खूण शिकवली: नेसवून झाल्यावर त्या माणसाचा उजवा हात गळपट्टीतून सहज आत गेला पाहिजे. त्यानंतर मी प्रत्येकाला हात घालून पाहायला लावले. तरीही सातच्या सुमारास तीन मुली घाबरून परत आल्या, कारण त्यांनी कोणाकडून तरी तो नियम ऐकला होता आणि त्यांच्या सेल्फीत युकाता उलटा दिसत होता. मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखे दाखवतो, हे लक्षात यायला आम्हाला पाच मिनिटे लागली. मग मागच्या कॅमेऱ्याने मीच त्यांचे फोटो काढून दिले.

खाण्याच्या काड्यांविषयी लोकांना शिकवताना मात्र मी आज थोडा अडखळलो. काड्या भातात उभ्या खोचू नयेत, कारण मृताच्या भातात तशा ठेवतात. आणि एकाने काडीने धरलेला घास दुसऱ्याने काडीनेच घेऊ नये, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा उचलतात. काल मी ही वाक्ये गमतीदार माहिती म्हणून पाठ म्हटल्यासारखी सांगत होतो. आज दुसरे वाक्य सांगताना अस्थी सावडायला गेलो होतो ती सकाळ समोर आली, आणि ते काम मी एका मुलीकडे सोपवून पाणी प्यायला गेलो.

रात्री चौदा युकाते घडी घालून खोक्यात भरले. घडी घालतानाही डावी बाजू वर राहील असेच घालायचे असते. घरी आलो तेव्हा आई जागी होती. तिला सगळे सांगितले, तेनुगुईचेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, “त्या मुलाला सांगितलेस का रे, उलटे नेसवले होते म्हणून?”

मी नाही म्हटले.

“बरे केलेस,” ती म्हणाली आणि पान वाढायला उठली.