तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राच्या खाली राहता, भीती नाही वाटत?

गावी गेले की पहिल्या चहाबरोबर हा प्रश्न येतोच. नेदरलँड्सचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. "भीती नाही गं वाटत?" आजवर मी "सवय झाली हो" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं, म्हणून एकदा नीट सांगते.

देशाची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीखाली आहे. आमचं होफडॉर्प त्यातलंच, सुमारे चार मीटर खाली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे हार्लेमरमेर नावाचा प्रचंड तलाव होता. वादळात तो काठ खात सुटायचा, म्हणून लोक त्याला 'पाणलांडगा' म्हणत. एका वर्षीच्या वादळांत त्याचं पाणी ॲमस्टरडॅम आणि लायडनच्या वेशीशी पोचलं, तेव्हा तो उपसायचं ठरलं. तलावाभोवती बांध घातला, बांधाबाहेर सुमारे ६० किलोमीटरचा कालवा खणला आणि वाफेवरच्या तीन पंपांनी पाणी उपसून त्यात टाकलं. १८५२ मध्ये तळ उघडा पडला. मुंबईहून येणारं विमान स्खिपोलला उतरतं ते त्याच तळावर.

तो कालवा आजही काठोकाठ भरलेला असतो. बांधाखालच्या रस्त्याने सायकलवरून जाताना एखादी बोट माझ्या डोक्यावरून सरकत जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सायकल थांबवून उतरले होते. पाणी वर आणि घरं खाली. माझ्याबरोबरच्या मैत्रिणीला त्याचं नवल वाटलं. मला मात्र माझं गाव आठवलं.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. भरतीला खाडीचं पाणी शेताहून उंच चढतं. मध्ये फक्त मातीचा बांध आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची उघाडी. आजोबांच्या काळी घरटी एक माणूस बांधावर माती टाकायला जायचा. पुढे ते मोडत गेलं. मी सातवीत असताना उधाणाच्या एका रात्री बांधाला खांड गेली. सकाळी खाचरात गुडघाभर खारं पाणी होतं आणि आजोबा त्यात उभे राहून ओंजळीने पाणी चाखून बघत होते. मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले. तोवर तिथे दाणा पिकला नाही.

तेव्हा भीती वाटते. पाण्याची भीती मी इथे येताना बरोबरच घेऊन आले. फरक एवढाच की इथे त्या भीतीचं काय करायचं हे ठरलेलं आहे.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकत्र आलं. नैर्ऋत्येच्या झीलंड प्रांतातले आणि आसपासचे बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर नैर्ऋत्येच्या खाड्यांची तोंडं बंद करायचं काम निघालं. ओस्टरस्खेल्डे ही खाडी मात्र मच्छीमार आणि निसर्गप्रेमींनी बंद होऊ दिली नाही. भरती-ओहोटी थांबली तर कालवं, शिंपले, सगळंच संपलं असतं. शेवटी तिथे ६२ पोलादी दारं बसवली. एरवी ती उघडी असतात, वादळात खाली येतात. १९८६ मध्ये काम पुरं झालं. ते पाहायला गेले तेव्हा मी मामाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: "उघाडी."

राज्यकारभाराबद्दलही विचारता, तर मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाणीमंडळ, म्हणजे आपापल्या भागातले बांध, पंप आणि पाणी सांभाळणारी लोकनियुक्त संस्था. राजधानी ॲमस्टरडॅम, कारभार हेगमधून, वर राजा आणि खाली कायम आघाडीची सरकारं. २०२१ च्या निवडणुकीनंतर नवं सरकार बसायला २९९ दिवस लागले. पण पंप तेव्हाही चालूच होते, कारण पाण्याचं काम सरकार बसण्यावर अडत नाही. देशात २१ पाणीमंडळं आहेत आणि आमचं राइनलंड तेराव्या शतकापासून चालत आलेलं आहे. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. मार्च २०२३ मध्ये ऑफिसातल्या डच मंडळींना मतदानाची दोन पत्रं आली, एक प्रांताचं आणि एक पाण्याचं. माझा पासपोर्ट भारतीय, मला एकच आलं, पाण्याचं. या देशातलं माझं पहिलं मत मी बांधांसाठी दिलं. केंद्राबाहेर आले तेव्हा डोळे भरून आले होते. कुणाला कसं समजावणार की मला आजोबांची ती ओंजळ आठवत होती?

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची जमीन पाणी उपसल्यावर आकसते, खचते, मग आणखी उपसावं लागतं. २००३ च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावचा पीटचा बांध पुराने नव्हे, दुष्काळाने सरकला. वाळून हलका झाला आणि पाण्याने त्याला ढकललं. तेव्हापासून कडक उन्हाळ्यातही बांधांवर माणसं फिरून भेगा बघतात.

माझी लेक सात वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची पोहण्याची पहिली परीक्षा झाली. ती अंगावर कपडे आणि पायात बूट घालून द्यायची असते. इथे पोर पाण्यात पडेल ते असंच पडेल, हे गृहीत धरलेलं आहे. काठावर बसून मी मुठी आवळल्या होत्या. ती ओल्या बुटांनी पचपच आवाज करत माझ्याकडे धावत आली.

मामा यंदा प्रथमच आमच्याकडे आला. त्याला कालव्यावर नेलं. बोटींकडे त्याने पाहिलंही नाही. बांधाच्या उतारावर वाकून, गवत बाजूला सारत तो काहीतरी शोधत राहिला.

"इथे बिळं कोण करतं?" आमच्याकडे बांध पोखरतात ते खेकडे.

"एक मोठा उंदीर असतो, पाण्यात राहणारा," मी म्हटलं. "त्याला पकडायला पाणीमंडळाची माणसं आहेत. वर्षभर तेच काम करतात."

"पगारी?"

"हो."

"पगार कोण देतं?"

"आम्ही. दरवर्षी बिल येतं."

तो बराच वेळ बांधावर उभा राहिला. मग म्हणाला, "घरी गेल्यावर मला ते बिल दाखव."