सातारा ते पुणे, आरटीएमएसची २० सेशन: पैसे रिक्षात वाया जातात

मुक्काम ४ आठवडे. मेंदूच्या डाव्या बाजूचा स्ट्रोक, ५ महिने उलटलेले, उजवा पंजा उघडत नाही. आरटीएमएस म्हणजे डोक्यावर कॉइल (तारेचं वेटोळं) धरून मेंदूला चुंबकीय ठोके, म्हणजे पल्स, देणं. उपचार १ हर्ट्झचा, सेकंदाला एक पल्स: रोज १२०० पल्स म्हणजे बरोबर २० मिनिटं, सोमवार ते शुक्रवार. पेशंट आधाराने का होईना चालतो, खुर्चीत तासभर बसतो, असं धरून लिहितोय.

आधी रिक्षाबद्दल. कोथरूडात सेशन आणि बिबवेवाडीत फिजिओ अशी जोडणी कुणी करून देत असेल तर सरळ नाही म्हणा. फोनवर सांगतात, "फिजिओ जवळच आहे." संध्याकाळी तेच जवळचं ठिकाण ५० मिनिटांवर जातं, आणि उपचाराचा जीव नेमका त्या ५० मिनिटांत असतो. १९९७ साली निरोगी माणसांवर झालेल्या एका प्रयोगात ०.९ हर्ट्झने १५ मिनिटं पल्स दिल्यावर हाताच्या स्नायूची प्रतिक्रिया सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि ही घट पुढे किमान १५ मिनिटं टिकली. एका सेशनचा परिणाम हा एवढ्या मापाचा. तो ओसरायच्या आत हात कामाला लागला पाहिजे. सिग्नलला थांबून काय होणार? फिजिओ त्याच मजल्यावर, कॉइल काढल्यापासून ५-१० मिनिटांत सुरू होत असेल तरच आगाऊ पैसे भरा.

आणखी एक गोष्ट केंद्रवाले आपणहून सांगत नाहीत. अमेरिकेतल्या नाईश (NICHE) चाचणीत (स्ट्रोकनंतरच्या हातावर असाच १ हर्ट्झचा उपचार, निकाल २०१८) खऱ्या कॉइलच्या आणि खोट्या कॉइलच्या, दोन्ही गटांत साधारण दोन तृतीयांश पेशंट सुधारले. दोन्ही गटांना व्यायाम मात्र कसून दिला होता. म्हणून पैसे कमी पडले तर सेशन कमी करा, फिजिओ कमी करू नका.

पहिल्या दिवशी घरचे हमखास दचकतात, कारण कॉइल निरोगी बाजूवर, म्हणजे इथे उजवीकडे लावतात. ते बरोबर आहे. स्ट्रोकनंतर निरोगी अर्धा भाग दुखावलेल्या अर्ध्या भागाला जास्तच दाबतो असा विचार यामागे आहे. १ हर्ट्झने तो जोर उतरवायचा असतो.

चूक होते ती थ्रेशोल्ड, म्हणजे किती ताकद द्यायची ते ज्यावरून ठरतं ते माप, काढताना. डावा हात (कॉइल उजवीकडे, म्हणून उलटा हात) उशीवर सैल ठेवायचा, डोक्यावर घट्ट टोपी, आठ आकड्याच्या आकाराची कॉइल टाळूच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर बाजूला, दांडा मागे आणि बाहेर ४५ अंशांत. मग सेंटिमीटरभर सरकवत अंगठा सर्वांत जोरात उडतो ती जागा शोधायची, टोपीवर पेनाने खूण करायची आणि ताकद उतरवत जायचं. १० पैकी ५ वेळा प्रतिक्रिया येते ती सर्वांत कमी ताकद म्हणजे थ्रेशोल्ड. याला अर्धा तास सहज जातो. कुणी ५ मिनिटांत "सगळ्यांना यंत्राची ६० टक्केच ताकद देतो" म्हणालं तर उठा. प्रत्येकाचा थ्रेशोल्ड वेगळा; कमी पडलं तर नुसती टकटक, जास्त झालं तर डोकेदुखी आणि फिट येण्याची जोखीम.

बिलात "नेव्हिगेशन" (कॉइलची जागा एमआरआयवर दाखवणारी सोय) अशी वेगळी ओळ आली की विचारा: एमआरआयची सीडी कधी मागितलीत? पेशंटच्या स्वतःच्या एमआरआयवर जागा दाखवायची तर आधी तो एमआरआय यंत्रात चढवावा लागतो. इथे सीडी पिशवीतून बाहेरही आली नव्हती. ओळ काढली, पण हुज्जतीत अर्धा दिवस गेला.

दुसरा-तिसरा आठवडा सुरळीत गेला, लिहिण्यासारखं काही नाही. फक्त डोक्याला तेल लावू नका, टोपी सरकते आणि खूण हलते. पेशंटला डुलकी लागू देऊ नका. मान कलली की कॉइल जागेवरून सुटते. कॉइल तापली तर यंत्र आपोआप थांबतं, अशा वेळी उरलेल्या पल्स मोजून घ्या. कानात बोळे हवेतच, शेजारी बसणाऱ्याच्याही. मोबाइल आणि एटीएम कार्ड खोलीबाहेर ठेवा. पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल तर साताऱ्यातूनच फोनवर सांगा, पुण्यात येऊन नाही. रात्रीची झोप मोडू नका, म्हणून रोज पहाटेच्या एसटीने ये-जा हा बेत बाद.

सुरुवातीलाच हाताची मोजणी लिहून घ्या: फुगल-मेयर या हाताच्या हालचालींच्या तपासणीचे ६६ पैकी गुण, आणि ६० सेकंदांत अडीच सेंटिमीटरचे किती ठोकळे खोक्यातल्या मधल्या फळीपलीकडे टाकले. "बरं वाटतंय" याला अर्थ नाही.

शेवटच्या दिवशी कागदावर "आरटीएमएस २० सेशन" एवढंच लिहून देतात. तो कागद परत करा. बाजू, हर्ट्झ, पल्स, थ्रेशोल्ड, त्याच्या किती टक्के ताकद दिली, सगळं लिहून त्यावर सही घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी दुसरीकडे गेलात की थ्रेशोल्डसकट सगळं पहिल्यापासून, पुन्हा पैसे भरून.