व्याख्येचे कलम आधी वाचावे

नागरी स्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा कोणाला तरी अटक झाल्यानंतर सुरू होते. मग वकील, जामीन, उच्च न्यायालय अशा क्रमाने ती पुढे सरकते आणि काही महिन्यांनी थंडावते. प्रत्यक्षात कोणाच्या कोणत्या कृतीला गुन्हा म्हणायचे, हे त्याच्या कितीतरी आधी विधेयकातल्या व्याख्येच्या कलमात ठरून गेलेले असते. ते कलम सभागृहात मंजूर होण्यापूर्वी त्याच्यावर हरकत घेणे हे पुण्यातल्या साध्या नागरिकालाही जमण्यासारखे काम आहे, आणि ते आपण फार कमी वेळा करतो, अशी माझी खंत आहे.

नक्षलवादी कारवायांना आळा घालण्यासाठी संघटना बेकायदेशीर ठरवण्याची तरतूद असलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये प्रथम मांडले गेले. विधानसभेची मुदत संपल्यामुळे ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप बाद ठरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा आले. या वेळी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२,००० हून अधिक सूचना आल्या. त्यानंतर झालेले बदल असे, की विधेयकाचा रोख आता ‘व्यक्ती आणि संघटना’ यांच्याऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांवर ठेवण्यात आला, संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधानपरिषदेने विधेयक मंजूर केले.

हे बदल निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या शब्दांवर सर्वांत जास्त आक्षेप होता ते शब्द जागेवरच राहिले. ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय, हे सांगताना विधेयक हिंसाचारापाशी थांबत नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारीच नव्हे, तर तसा अडथळा आणण्याकडे कल असणारी कृती, मग ती बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांतून का होईना, त्यात येते. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तिचा प्रचार करणे हेही येते. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, आणि बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेच्या नुसत्या सभासदत्वालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याची अवज्ञा हा शब्दप्रयोग पुणे जिल्ह्यात बसून वाचला की १९२१ सालचा मुळशीचा सत्याग्रह डोळ्यांपुढे येतो, आणि १९२९ सालचा पर्वती मंदिरप्रवेशाचा सत्याग्रहही. धरणाखाली जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याला ‘हटू नकोस’ असे सांगणारा माणूस या व्याख्येच्या आत की बाहेर, याचे उत्तर कायद्याच्या मजकुरातच मिळायला हवे. ते तपास अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडता येत नाही. गडचिरोलीत पोलिसांचे आणि आदिवासींचे जीव गेले आहेत आणि त्या हिंसेचा बंदोबस्त राज्याने केलाच पाहिजे. मात्र त्यासाठी १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का आहे. त्यांच्यात कोणती उणीव आहे आणि ती इतक्या सैल शब्दांनीच का भरून काढायची, याचे समाधानकारक उत्तर मला सभागृहातील चर्चेत सापडले नाही.

कायदा नेमका लिहिता येतो, आणि त्याचे उदाहरण याच राज्यात आहे. जादूटोणाविरोधी कायदा येण्यापूर्वी त्याचे मसुदे वर्षानुवर्षे घासले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. या विधेयकावर वारकऱ्यांनी हरकती घेतल्या होत्या. आपले कीर्तन, आपली यात्रा उद्या गुन्हा ठरेल, अशी त्यांची भीती होती. आज तो कायदा उघडला तर अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये वर्णन करून दिलेली दिसतात, आणि हरिकीर्तन, प्रवचन, यात्रा, परिक्रमा यांना कायदा लागू नाही, असे सांगणारे स्वतंत्र कलमही दिसते. मी त्या कायद्याचा समर्थक आहे आणि तरीही मला वाटते, की हरकती घेणाऱ्यांमुळे तो अधिक चांगला झाला. अंधश्रद्धा या एका मोघम शब्दावर शिक्षा ठेवली असती, तर त्याचा दुरुपयोग कोणीही, कोणाविरुद्धही केला असता.

शहराच्या पातळीवर ही गोष्ट आणखी कमी दिसते, कारण तेथे कायद्याऐवजी आदेश निघतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७(३) खाली पोलीस आयुक्त जमाव आणि मिरवणुका यांना मनाई करू शकतात. असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ अमलात राहू शकत नाही, असे परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, त्याच कलमात आहे. जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेणाऱ्यांनी हे परंतुक पाठ करावे, आणि एका आदेशामागून दुसरा निघत असेल तर प्रत्येक वेळी कारणे लेखी मागावीत. तेव्हा मुंबई पोलीस अधिनियम या नावाने गुजरातेतही लागू असलेल्या याच अधिनियमाखाली अहमदाबादच्या पोलिसांनी केलेला सभेच्या परवानगीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली रद्द ठरवला होता, कारण परवानगी कोणत्या निकषांवर नाकारायची हे त्यात सांगितलेलेच नव्हते. महापालिकेत तर मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, तेव्हा सभागृहात प्रश्न विचारण्याची वाटही बंद होती.

हरकत कशी लिहावी याविषयी माझा अनुभव एवढाच आहे, की ‘हे विधेयक लोकशाहीविरोधी आहे, मागे घ्या’ अशा एका ओळीच्या शेकडो पत्रांपेक्षा एका कलमावरचे एक पानभर पत्र जास्त उपयोगी पडते. कलम आणि पोटकलमाचा क्रमांक लिहावा, त्यातले नेमके शब्द उतरवून घ्यावेत, त्या शब्दांत कोणती निर्दोष कृती सापडते ते आपल्या भागातील उदाहरणाने दाखवावे, आणि त्याऐवजी कोणते शब्द घालावेत हे सुचवावे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर ताडून पाहावेत. पत्राची पोच घ्यावी. प्रत आपल्या आमदाराला द्यावी. पदवीधर असाल तर विधानपरिषदेवर पुणे पदवीधर मतदारसंघातून निवडून गेलेल्या सदस्यालाही द्यावी, कारण तो तुमच्याच मतांवर तेथे बसलेला आहे. शक्य असेल तर सोसायटीतल्या, वस्तीतल्या लोकांच्या सह्या सोबत जोडाव्यात. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने सभासद होणाऱ्याकडून किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र मागितले होते. सरकारशी बोलायचे तर आपल्यामागे कोण आहे हे दाखवता आले पाहिजे, ही समज तेव्हाच्या पुणेकरांना होती.

केंद्र सरकारने २०१४ साली असे धोरण ठरवले, की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा सारांशही प्रसिद्ध करावा. राज्याने हे बंधन स्वतःवर कायद्यानेच घालून घ्यावे, मसुदा मराठीत प्रसिद्ध करावा, आणि फेटाळलेल्या प्रत्येक प्रकारच्या हरकतीचे कारण समितीच्या अहवालात द्यावे, ही मागणी येत्या अधिवेशनापूर्वी पुण्यातील प्रत्येक आमदाराच्या कार्यालयात लेखी पोहोचली पाहिजे. माझे पत्र तयार आहे. त्यात दुरुस्त्या सुचवणाऱ्यांचे स्वागत आहे.